पूर्वरंगाविना आख्यान : नाताळच्या प्रवचनांविषयी

कथा-कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, अलीकडे तर पाककृतींच्या पुस्तकांचीही होते. प्रवचनाची मात्र होत नाही. प्रवचन ही पवित्र गोष्ट, तिच्याविषयी बरेवाईट बोलू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. त्यामागची श्रद्धा आम्हांला मान्य आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबे वर्षभरात मराठी पुस्तक हाती घेतात? त्यांच्या कानांवर नियमाने पडणारे विचारप्रधान मराठी गद्य म्हणजे रविवारचे प्रवचन. वर्षाचे बावन्न रविवार आणि प्रत्येकी दहा-बारा मिनिटे धरली, तरी हा व्यवहार सुमारे दहा तासांचा होतो. ज्या गद्यावर लहानथोरांची श्रद्धा पोसली जाते, त्याचा दर्जा काय, हा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे अनादर नव्हे. आगमनकाळ, नाताळ आणि प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण या पाच-सहा आठवड्यांपुरता हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत. कारण मंदिर सर्वांत भरलेले असते ते या दिवसांत, आणि आमच्या मते प्रवचन सर्वांत रिकामे असते तेही याच दिवसांत.

प्रवचन कोणासमोर होते, हे ठरविल्याखेरीज त्याची परीक्षा करता येत नाही. म्हणून आम्ही नाशिक जिल्ह्यातील विंचूर डोळ्यांसमोर ठेवतो. निफाड तालुक्यातील हे गाव एके काळी विंचूरकर सरदारांची जहागीर म्हणून प्रसिद्ध होते. आज ते ओळखले जाते ते लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या उपबाजारामुळे, भोवतालच्या द्राक्षबागांमुळे आणि वाईन पार्कमुळे. आगमनकाळ येतो तेव्हा येथे लाल कांदा बाजारात उतरत असतो, उन्हाळ कांद्याच्या लागवडीची धांदल असते, ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत द्राक्षमणी फुगू लागलेले असतात. डिसेंबर सरता सरता निफाडचा पारा इतका उतरतो की घडांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. या भागातील ख्रिस्ती श्रोता कोणी शेतकरी असेल, कोणी मजूर, कोणी शिक्षक, कोणी बाजारातला हमाल. त्याचे वर्ष या पिकांबरोबर फिरते. त्याच्यासमोर या काळातील वाचने ठेवली असता काय घडते, आणि काय घडू शकले असते, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

प्रथम वाचनांविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र शास्त्राचे भांडार भाविकांसाठी अधिक उदारपणे खुले करावे आणि प्रवचन हे उपासनेचेच अंग मानावे, असे त्याने सांगितले. त्यानुसार १९६९ च्या आगमनकाळापासून अ, ब आणि क अशा तीन वर्षांचे नवे वाचनचक्र अमलात आले. तत्पूर्वी रविवारी प्रेषितांच्या पत्रांतील एक उतारा आणि शुभवर्तमान एवढीच वाचने असत, आणि तीही लॅटिनमधून. जुना करार रविवारच्या भाविकाला क्वचितच भेटे. आता बहुतेक रविवारी जुन्या करारातील वाचन, प्रतिसाद स्तोत्र, पत्रांतील वाचन आणि शुभवर्तमान असा चौपदरी क्रम असतो.

आगमनकाळापुरता हा क्रम किती विचारपूर्वक लावला आहे पाहा. तिन्ही वर्षांचे मिळून बारा रविवार होतात. त्यांपैकी सात रविवारी पहिले वाचन यशयाचे आहे, उरलेल्यांत यिर्मया, बारूख, सफन्या, मीखा हे संदेष्टे आणि नाथान संदेष्ट्याने दाविदाला दिलेले वचन. शुभवर्तमानांचा क्रमही ठरलेला आहे. पहिल्या रविवारी प्रभूच्या अंतिम आगमनाची सूचना, दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी अरण्यातला योहान, आणि केवळ चौथ्या रविवारी मरिया व योसेफ. म्हणजे चारांपैकी तीन रविवार बेथलेहेमचा उल्लेखही नाही. प्रत्यक्षात मात्र पहिल्या रविवारपासूनच गोठा, तारा आणि बाळाचे स्वागत यांविषयीचे बोलणे सुरू होते. योहान आला तरी तो केवळ सूचना देण्यापुरता येतो, कुऱ्हाड व सूप हाती घेतलेला योहान मंडपाबाहेरच राहतो. यशयाचे वाचन वाचून होते आणि पुन्हा त्याचे नाव निघत नाही.

मराठी श्रोत्याला हे खटकावयास हवे, कारण त्याच्या कानांवर कीर्तनाचे संस्कार आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण करतो. मध्यंतरी नामघोष होतो. मग उत्तररंगात आख्यान लावतो, आणि आख्यान संपवताना पुन्हा मूळ पदावर येतो. पूर्वरंग न करता थेट आख्यानाला हात घातला, तर कथा रंगेल, पण ती कशासाठी सांगितली हे कोणास उमगणार नाही. आपल्या उपासनेची रचना याच जातीची आहे असे आम्हांला वाटते. संदेष्ट्याचे वाचन हा पूर्वरंग, प्रतिसाद स्तोत्र हा मधला नामघोष, शुभवर्तमान हे आख्यान. आमचे प्रवचनकार बहुधा पूर्वरंग गाळतात, आख्यानच पुन्हा आपल्या शब्दांत सांगतात आणि मूळ पदावर कधी येतच नाहीत.

आमच्याच परंपरेत याचे भान पूर्वी होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पहिले पुराण’ ३६ अध्यायांचे आणि ‘दुसरे पुराण’ ५९ अध्यायांचे. तारणाऱ्याचा जन्म सांगण्यापूर्वी कवीने एक संपूर्ण पुराण सृष्टीची उत्पत्ती, पतन, कुलपती आणि संदेष्टे यांना दिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्यांपुढे वाचण्यासाठी लिहिणाऱ्या या मनुष्याला घाई नव्हती. प्रतीक्षेचे दुःख कळल्याखेरीज जन्माचा आनंद कळत नाही, हे त्याने ओळखले होते. पुढे प्रोटेस्टंट मंडळींनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन रुजविले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्तचरणी वाहिले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणाऱ्या लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. एवढे घरचे धन असता आमचे प्रवचन परक्या वळणाच्या टाचणांवर चालावे, हे दैन्य आहे.

आज ऐकू येणाऱ्या प्रवचनांचे आम्ही स्थूलमानाने तीन प्रकार करतो. पहिले सजावटीचे प्रवचन. यात बाळ गोजिरे, रात्र शांत आणि मेंढपाळ भोळे असतात. ऐकताना बरे वाटते, घरी जाईपर्यंत विसरते. दुसरे हजेरीचे प्रवचन. वर्षातून एकदाच येणाऱ्यांना मध्यरात्री खडसावले जाते आणि ज्यांना ऐकवावयाचे ते पुढल्या वर्षी तेवढेही येत नाहीत. तिसरे वर्तमानपत्री प्रवचन. यात आठवड्याच्या बातम्यांचा समाचार घेऊन शेवटी एक वचन चिकटविले जाते. हे तिसरे प्रवचन धीट म्हणून पुष्कळांना आवडते, पण त्यात शास्त्र हे तोंडी लावणे होते. तिन्हींचा दोष एकच. श्रोत्याचे जीवन आणि त्या दिवसाचे वाचन यांची गाठच पडत नाही.

ती गाठ पडणे किती सहज आहे आणि तितकेच किती जोखमीचे आहे, हे एका उताऱ्यावरून दाखवितो. अ वर्षात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी दुसरे वाचन याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील असते. शेतकरी जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहतो, आधीचा आणि नंतरचा पाऊस येईपर्यंत धीर धरतो, तसा तुम्हीही धरा, असा त्याचा आशय. विंचूरच्या श्रोत्याला याहून जवळचे वाचन कोणते? परंतु येथेच प्रवचनकाराची परीक्षा आहे. पॅलेस्टाइनात आधीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी येतो आणि नंतरचा मार्च-एप्रिलमध्ये गहू-जव भरण्यासाठी. तेथे तो आशीर्वाद आहे. विंचूरच्या बागाईतदाराला नोव्हेंबरातला किंवा मार्चमधला पाऊस म्हणजे अवकाळी. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारीच, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि निफाड तालुक्यातील द्राक्षबागांचे व कांद्याचे मोठे नुकसान झाले. अशा श्रोत्यापुढे ‘पावसाची वाट पाहा’ हे वाक्य जसेच्या तसे ठेवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. दृष्टांत उलगडून सांगावा लागतो : पाऊस कोणता हा मुद्दा नाही, आपल्या हाती नसलेल्या गोष्टीपुढे मनुष्य कसा उभा राहतो, हा मुद्दा आहे. शेतकरी वाट पाहतो म्हणजे स्वस्थ बसत नाही. तो विरळणी करतो, औषध मारतो, रात्रीची वीज आली की पाणी धरतो. याकोबाने सांगितलेला धीर असा हात चालविणारा आहे.

याच उताऱ्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मिस्सामध्ये वाचन सातव्या वचनापासून सुरू होते. त्याच्या आधीच्या सहा वचनांत याकोब धनवंतांवर आसूड ओढतो : ज्यांनी तुमची शेते कापली त्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करीत आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे. सातवे वचन त्याला जोडूनच येते. म्हणजे हा धीराचा उपदेश सुखवस्तू माणसाने गरिबाला केलेला नाही, मजुरी बुडालेल्या माणसाला देवाच्या न्यायाची खात्री देऊन केलेला आहे. त्याच उताऱ्यात पुढे, न्यायाधीश दाराशी उभा आहे, असेही म्हटले आहे. मागची सहा वचने ठाऊक नसलेला प्रवचनकार ‘सहन करा’ एवढेच सांगून मोकळा होतो. ती ठाऊक असलेला मजुराला धीर देतो आणि त्याच बाकावर बसलेल्या बागमालकाला, मजुरी वेळेवर देतोस ना, असेही विचारतो. हा दोहोंतला फरक वक्तृत्वाचा नसून अभ्यासाचा आहे.

दुसरे उदाहरण ब वर्षातील. केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या रविवारी, १० डिसेंबर रोजी, पहिले वाचन होते यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचे. ‘सांत्वन’ हा त्यातील पहिला शब्द. प्रवचनकाराने त्या दिवशी निर्यातधोरणावर व्याख्यान द्यावयास हवे होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते वर्तमानपत्री प्रवचन झाले असते. परंतु ज्यांचा माल आवारात अडकला आहे त्यांच्यापुढे ‘सांत्वन’ हा शब्द उच्चारताना क्षणभर थांबणे, बाबेलच्या बंदिवासात सारे गमावलेल्या लोकांना हा शब्द प्रथम ऐकविला गेला होता हे सांगणे, आणि संदेष्ट्याचे सांत्वन म्हणजे पाठीवरची थाप नसून देव स्वतः वाट काढीत येत आहे ही वार्ता आहे, हे स्पष्ट करणे, एवढे निश्चित शक्य होते. वाचन आणि बाजार त्या आठवड्यात एकमेकांसमोर उभे होते. त्यांची ओळख करून देणे हेच प्रवचनकाराचे काम.

चौथ्या रविवारी मरिया येते. तिच्याविषयी आमची भक्ती उदंड आहे, पण तिचे गीत आम्ही फारसे ऐकत नाही. क वर्षातील चौथ्या रविवारचे शुभवर्तमान अलिशिबेच्या शब्दांपाशी, म्हणजे गीताच्या नेमके उंबरठ्यावर संपते. ब वर्षातील तिसऱ्या रविवारी ते प्रतिसाद स्तोत्र म्हणून येते, आणि २२ डिसेंबरच्या शुभवर्तमानात ते संपूर्ण आहे, पण त्या दिवशी मंदिर बहुधा रिकामे असते. अधिपतींना आसनांवरून खाली ओढणारा आणि दीनांना उंच करणारा देव या गीतात आहे. नाशिक आणि अहिल्यानगर भागातील आपल्या समाजापैकी पुष्कळांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १० ऑगस्ट १९५० चा आदेश धर्माच्या कारणाने दलित ख्रिस्ती बांधवांना त्या सवलतींबाहेर ठेवतो, आणि तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही. प्रतीक्षा म्हणजे काय हे या समाजाला परक्या दाखल्यांनी शिकवावे लागत नाही. मरियेचे गीत त्याला त्याच्याच भाषेत कळेल, फक्त ते त्याच्यापुढे उलगडावयास हवे.

नाताळच्या सणाला एक नव्हे, चार मिस्सांची वाचने नेमलेली आहेत. आदल्या सायंकाळी मत्तयाने दिलेली वंशावळ येते. कंटाळवाणी नावांची यादी म्हणून तिचा संक्षेप केला जातो. वस्तुतः तीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी अशा चार स्त्रिया आहेत, ज्यांची नावे कोणा प्रतिष्ठित घराण्याने वहीत लिहू दिली नसती. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील वंशावळींच्या वह्या आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा कुटुंबांना येशूच्या वहीत कोणाकोणाला जागा मिळाली हे सांगण्याजोगे आहे.

मध्यरात्रीच्या मिस्सात यशया अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसलेला प्रकाश सांगतो, आणि त्या आनंदाला उपमा देतो ती सुगीच्या आनंदाची. सुगीचा आनंद ज्याने भोगला आहे आणि गमावलाही आहे, त्याला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही, तिच्याकडे केवळ बोट दाखवावे. लूकचे मेंढपाळ तरी कोण? आमच्या गोठ्यात ते प्लास्टरचे असतात. विंचूरच्या शिवारात पावसाळा सरल्यावर धनगरांचे वाडे येतात, खतासाठी रानात मेंढरे बसविली जातात, आणि ती माणसे थंडीत उघड्यावर रात्रीची राखण करतात. शुभवार्ता प्रथम कोणाला कळली हे सांगावयास याहून दुसरा दाखला कशाला हवा? आपल्या मराठी शास्त्रातील ‘गव्हाण’ आणि ‘बाळंते’ हे शब्दही या मातीतलेच आहेत. ते सोडून काही प्रवचनकार ‘चरणी’ आणि ‘वस्त्रे’ म्हणतात, तेव्हा चित्रच पुसट होते.

दिवसाच्या मिस्साचे शुभवर्तमान योहानाचे. त्यात बाळ नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. शब्द देही झाला, एवढेच आहे. तरीही प्रवचन पुन्हा गोठ्यातच शिरते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘त्याने आमच्यामध्ये तंबू ठोकला’ असा आहे, आणि आपल्या भाषांतराने त्यासाठी ‘वस्ती’ हा शब्द योजला आहे. गावापासून दूर मळ्यात राहणारा मनुष्य आपण ‘वस्तीवर’ राहतो असेच म्हणतो. देव वस्तीवर राहावयास आला, हे एक वाक्य नीट उघडले तरी सणाच्या सकाळचे प्रवचन पुरते.

प्रकटीकरणाच्या सणाला आपण ‘तीन राजांचा सण’ म्हणतो. मत्तय मात्र त्यांना राजे म्हणत नाही आणि त्यांची संख्याही सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन मानली गेली. राजे आले कोठून? त्या दिवशीच्या पहिल्या वाचनातून, यशयाच्या साठाव्या अध्यायातून, आणि प्रतिसाद स्तोत्रातून, म्हणजे बहात्तराव्या स्तोत्रातून. पूर्वरंग ऐकला असता तर हे कोडे आपोआप सुटले असते. पण या दिवसाचे खरे मर्म आम्हांला यरुशलेमेतील शास्त्र्यांपाशी दिसते. ख्रिस्त कोठे जन्मावा हे हेरोदाने विचारताच त्यांनी मीखाचे वचन बिनचूक सांगितले. बेथलेहेम तेथून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, विंचूरकराने पायी लासलगावच्या बाजाराला जावे तसे. परके लोक दूरदेशातून येऊन तेथवर गेले, शास्त्री मात्र जागचे हलले नाहीत. वचन पाठ असूनही वाट न चालणाऱ्यांची ही गोष्ट प्रत्येक प्रवचनकाराने, आणि समीक्षकानेही, स्वतःला सांगावी अशी आहे.

यावर आमचे धर्मगुरू म्हणतील की एकेका धर्मगुरूच्या पदरी अनेक गावे असतात, नाताळच्या आठवड्यात पापनिवेदने, आजाऱ्यांच्या भेटी, गोठ्यांच्या स्पर्धा, भजनीमंडळाच्या तालमी यांतून उसंत मिळत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत मुलेबाळे घेऊन बसलेल्यांना दीर्घ निरूपण सोसत नाही. हे सारे खरे आहे. परंतु आम्ही लांब प्रवचन मागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात प्रवचन थोडक्यात असावे असे लिहिले, आणि २०२४ मध्ये तर आठ मिनिटांची मर्यादा सांगितली. त्याच प्रबोधनपत्रात त्यांनी तयारीसाठी पुरेसा वेळ द्यावा असाही आग्रह धरला आहे. आठ मिनिटांत चारही वाचनांची उजळणी होणार नाही, पण संदेष्ट्याचा एक शब्द घेऊन शुभवर्तमानापर्यंत जाणे आणि त्या शब्दावर परत येणे निश्चित होईल.

भार एकट्या धर्मगुरूवर टाकणेही न्यायाचे नाही. वाचकाने उताऱ्याची तयारी आदल्या दिवशी करावी, यशयाचे वाचन घाईने उरकू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० पासून उपलब्ध आहे. आजच्या मराठीतील ते शास्त्र घरी उघडून शनिवारी रात्री पहिले वाचन एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. अवघ्या पाच मिनिटांचे हे काम. श्रोता पूर्वरंग जाणून आला, तर प्रवचनकाराला तो गाळता येणार नाही.

येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्साहून घरी आल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपापसांत एवढेच विचारून पाहावे : आज पहिले वाचन कोणाचे होते, आणि त्याविषयी आपण काय ऐकले? उत्तर आले नाही, तर दोष कोणाचा हा वाद न घालता पुढच्या शनिवारी शास्त्र उघडावे.